लडाखच्या खिंडींतून बाईकचा मार्ग कसा ठरवावा: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा, कुठूनही निघा, आपलं घर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे-अडीचशे मीटरवर. मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आपण सोसतो, पण विरळ हवेची आपल्या छातीला सवय नाही. लडाखचा बेत ठरला की पोरं आधी खारदुंग ला (५,३५९ मीटर) आणि तांगलांग ला (५,३२८ मीटर) यांची उंची शोधतात. ‘ला’ म्हणजे तिकडच्या बोलीत खिंडच. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या जवळपास निम्मा असतो हे खरं, पण खिंडीत आपण थांबतो किती? पंधरा-वीस मिनिटं, आणि लगेच उतार लागतो. माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळा रात्री, जिथे झोपतो तिथे. म्हणून मार्ग ठरवताना मुक्कामाची उंची आधी बघा, खिंडीची नंतर.

वही घ्या, आडवी धरा आणि चार रकाने आखा: तारीख, मुक्काम, मुक्कामाची उंची, दिवसाचे किलोमीटर. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा साधारण ५०० मीटरहून जास्त चढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असावा, असं डॉक्टर सांगतात. तिसऱ्या रकान्यात मोठी उडी दिसली, तर तो मार्ग चुकला.

आता लेहला जायचे दोन मुख्य रस्ते या वहीत मांडून बघा. मनालीकडून जाणारा सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा. मनाली २,०५० मीटरवर. २०२० साली ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही, त्यामुळे दुपारीच तुम्ही जिस्पाला, म्हणजे सुमारे ३,२०० मीटरवर पोहोचता. तिथून लेह एका दिवसात गाठणं बाईकवर फार ओढाताणीचं. मग मध्ये सरचूचे तंबू, उंची सुमारे ४,२५० मीटर. एका रात्रीत हजार मीटरची उडी! आमच्या गटातला एक धडधाकट गडी तिथे रात्रभर उलट्या करत बसला होता. डोकं ठणकत होतं, पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. उजाडताच त्याला खाली जिस्पाला आणलं, तेव्हा कुठे दुपारी तो दोन घास जेवला.

श्रीनगरकडून अंतर जवळपास तेवढंच, पण चढण सावकाश. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, सोनमर्ग २,८००च्या आत, मग ३,५२८ मीटरची झोजी ला ओलांडून कारगिल, तेही २,७०० मीटरच्या आतच. पुढे नमिका ला आणि ४,१०८ मीटरची फोटू ला लागते, पण झोपायचं लेहला, ३,५०० मीटरवर. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस गाडीला हात लावू नका. माझं मत ठाम आहे: पहिल्यांदा जाणाऱ्या खान्देशी माणसाने श्रीनगरकडून चढावं आणि मनालीकडून उतरावं. परतीला सरचूत झोपलात तरी शरीर सरावलेलं असतं.

डोकेदुखी, मळमळ वाढू लागली तर आणखी चढू नका. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरवा आणि दवाखाना गाठा. उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही, हे घरून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

पेट्रोलचा हिशेब मार्गावरच अवलंबून आहे. श्रीनगर बाजूला पंप मिळत जातात. मनाली बाजूला तांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ अशी पाटी प्रसिद्ध आहे. परतीला लेहजवळच्या कारूला टाकी काठोकाठ भरा. घाटात २५चं ॲव्हरेज धरलं, तर १३ लिटरची टाकी ३२५ किलोमीटरलाच संपते. म्हणून पाच लिटरचा कॅन हवाच.

दिवसाची वेळही मार्गाचाच भाग समजा. बर्फ वितळून वाहणारे नाले पहाटे घोट्याएवढे असतात, तेच दुपारी उन्हाने फुगून इंजिनपर्यंत येतात. त्यामुळे नाले असतील त्या दिवशी पहाटेच निघा. पाण्यात पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, पाय फूटरेस्टवर, मध्येच क्लच दाबायचा नाही. झोजी लावर वाहनं कधी-कधी एकाच दिशेने सोडतात, त्या वेळा आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा.

सराव मात्र इथेच करा. पूर्ण सामान लादून, मागे माणूस बसवून शहाद्याहून तोरणमाळला जा. सातपायरी घाटातली वळणं उतरताना ब्रेक दाबून धरू नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. शेवटच्या वळणानंतर मागच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, हाताला धग लागली तर ब्रेक फार वापरलात. पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून हिवाळा बरा. चांदसैली आणि कन्नडचा घाटही सरावाला चांगले.

सिमकार्ड पोस्टपेड घ्या, आपल्याकडचं प्रीपेड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. सुट्टी मोजकी असेल तर जम्मूपर्यंतची रखरख टाळून गाडी भुसावळहून रेल्वे पार्सलने पाठवा. आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं. आरसे काढून पिशवीत ठेवा, टाकी-हेडलाइटला गोणपाट नीट गुंडाळून घ्या. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, त्यामुळे उतरल्यावर गाडी पंपापर्यंत ढकलत न्यायची तयारी ठेवा, नाहीतर एक रिकामी बाटली सोबत असू द्या.