धान्यापासून बनवलेला माल परदेशी पाठवताना : वनस्पती आरोग्याच्या तयारीची यादी

तयारीची सुरुवात मालाच्या वर्गवारीपासून करावी. ‘आमचा माल प्रक्रिया केलेला आहे, त्याला वनस्पती आरोग्याचे नियम लागू नाहीत’ असे अनेक निर्यातदार गृहीत धरतात. हे गृहीतक काही मालाबाबत बरोबर ठरते आणि काही मालाबाबत साफ चुकते. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली २००९ मध्ये स्वीकारलेल्या ३२ क्रमांकाच्या मानकात मालाचे चार वर्ग केलेले आहेत. ज्या मालावर इतकी प्रक्रिया झाली आहे की त्यात क्वारंटाइन किडी (देशात शिरू नयेत म्हणून बंदी घातलेल्या किडी) टिकूच शकत नाहीत, तो पहिल्या वर्गात येतो. प्रक्रिया झालेली असूनही ज्यात काही किडी टिकू शकतात, तो दुसऱ्या वर्गात. खाण्यासाठी किंवा प्रक्रियेसाठी जाणारे कच्चे धान्य तिसऱ्या वर्गात आणि पेरणीचे बियाणे चौथ्या वर्गात मोडते. शिजवणे, भाजणे, आंबवणे, निर्जंतुक करणे, तसेच धान्याला मोड आणून उष्णतेने ती क्रिया थांबवत माल्ट बनवणे या प्रक्रिया पहिल्या वर्गाकडे नेतात. धान्याला पॉलिश करणे मात्र याच मानकात दुसऱ्या वर्गाच्या प्रक्रियांमध्ये नोंदलेले आहे. म्हणून पॉलिश केलेला तांदूळ कितीही स्वच्छ आणि चकचकीत दिसला तरी त्याला भाजलेल्या किंवा शिजवलेल्या मालाची सवलत मिळेल असे समजू नये. आपण काय विकतो यापेक्षा त्या मालावर नेमके काय घडले आहे, हे आधी कागदावर लिहून काढावे.

त्यानंतर आयात करणाऱ्या देशाच्या अटी लेखी स्वरूपात हाती घ्याव्यात. खरेदीदाराने फोनवर सांगितलेली अट किंवा मागच्या खेपेचा अनुभव यांवर विसंबू नये, कारण या अटी किडीच्या धोक्यानुसार बदलत राहतात. ऑस्ट्रेलियाने साठवलेल्या धान्यावर पडणाऱ्या खापरा भुंगेऱ्याचा धोका ओळखून २०२० पासून टप्प्याटप्प्याने कडक उपाय लागू केले. त्यानंतर जुन्या कागदांवर भरवसा ठेवणाऱ्याची अडचण होणे अटळ होते. त्या देशाच्या आयात अटी ‘बायकॉन’ या सरकारी संगणकीय यादीत मालानुसार पाहता येतात. युरोपीय संघात २०१६ चा २०३१ क्रमांकाचा नियम १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे आणि त्याखालच्या याद्यांमध्ये कोणत्या वनस्पतिजन्य मालाला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते ते दिलेले असते. काही देश आयात परवाना मागतात आणि तो आयातदारानेच काढावा लागतो. परवाना निघाला की त्याची प्रत मागवून प्रत्येक ओळ वाचावी. प्रक्रियेचे तापमान, पॅकिंगचा प्रकार, धुरीची (विषारी वायूने कीड मारण्याची) पद्धत किंवा प्रमाणपत्रावरचे अतिरिक्त निवेदन (आयात करणाऱ्या देशाने मागितलेले खास विधान) यांपैकी काहीही त्यात अट म्हणून असू शकते. अतिरिक्त निवेदनाचा मजकूर शब्दशः उतरवून घ्यावा. आपल्या भाषेत सोपा करून लिहिलेले निवेदन तिकडचा अधिकारी नाकारू शकतो.

इथेच बँकेच्या कागदांचाही विचार करून टाकावा. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये (खरेदीदाराच्या बँकेने पैसे देण्याच्या हमीपत्रात) वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राची मागणी सवयीने टाकलेली असते आणि माल मात्र बिस्किटे किंवा पूर्ण शिजवलेले पदार्थ असा पहिल्या वर्गातला असतो. ज्या मालातून किडी पसरण्याचा धोकाच नाही, त्याला प्रमाणपत्र मागू नये असे प्रमाणपत्रांविषयीचे १२ क्रमांकाचे मानक सांगते, त्यामुळे वनस्पती संरक्षण कार्यालय ते देण्यास नकार देऊ शकते. माल बंदरात आणि बँक कागदासाठी अडून, अशी वेळ येऊ नये म्हणून सौदा पक्का होण्याआधीच ती अट काढून घ्यावी किंवा तिच्या जागी उत्पादकाचे प्रक्रियेबाबतचे घोषणापत्र चालेल असे लिहून घ्यावे.

हे घोषणापत्र बोलके असावे. धान्य कोणत्या मार्गाने यंत्रात गेले, कुठे साफ झाले, किती तापमानाला किती वेळ राहिले, कोणत्या चाळणीतून गेले आणि कुठे भरले गेले, याचा एक साधा प्रवाहतक्ता आणि त्या लॉटची तापमानाची नोंद सोबत असावी. ‘उष्णता प्रक्रिया केलेले’ एवढाच शब्द लिहिलेले पत्र तपासणाऱ्याला काहीच सांगत नाही.

आता ज्या भागात सर्वात जास्त माल अडतो, त्याकडे यावे. प्रक्रिया कीड मारते, पण प्रक्रियेनंतर माल पुन्हा किडू नये याची हमी ती देत नाही. दळणाच्या गिरणीत एन्टोलेटर या वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून पीठ जोरात आपटले जाते तेव्हा त्यातली अंडी आणि अळ्या फुटून मरतात. पण तेच पीठ पुढे जुन्या स्क्रू कन्व्हेयरच्या कोपऱ्यात साचलेल्या महिन्याभराच्या पिठाला चाटून पोत्यात पडत असेल, तर तांबड्या भुंगेऱ्याची नवी अंडी त्यात लगेच मिसळतात. म्हणून पॅकिंगच्या जागेची तपासणी गोदामापेक्षा बारकाईने करावी. एलिव्हेटरच्या तळाची टाकी उघडून पाहावी, चाळणीच्या चौकटीमागचा लाकडी भाग खरवडावा, शिलाई यंत्राखाली सांडलेले पीठ उचलावे आणि दिव्यांच्या खोबणीतली धूळ काढावी. गिरणीची संपूर्ण इमारत ५० ते ६० अंश सेल्सिअसला सुमारे एक दिवस तापवून कीड मारण्याची पद्धत प्रचलित आहे आणि निर्यातीच्या हंगामाआधी ती करणे चांगले, परंतु साठलेले पीठ आधी काढलेच पाहिजे, कारण पिठाचा जाड थर उष्णता आतपर्यंत पोहोचू देत नाही.

खापरा भुंगेऱ्यासाठी वेगळी सावधगिरी हवी. त्याचे शास्त्रीय नाव ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम. प्रौढ किडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि उडत नाही, त्यामुळे तो माणसाच्या मालातून, पोत्यांतून आणि कंटेनरमधूनच प्रवास करतो. त्याची केसाळ, तपकिरी अळी भेगांत शिरून सुप्तावस्थेत अन्नाशिवाय वर्षानुवर्षे जगू शकते आणि त्या अवस्थेत धुरीलाही चिवट ठरते. तपासताना जिवंत किडाच दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. पोत्याच्या शिवणीत, घडीत किंवा भिंतीच्या तड्यात अळ्यांनी टाकलेल्या केसाळ काती दिसल्या तरी ती गंभीर खूण मानावी. वापरलेली तागाची पोती निर्यातीसाठी घेऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात वाचणारे पैसे एका परतलेल्या कंटेनरच्या खर्चापुढे काहीच नाहीत. तांबडे भुंगेरे किंवा सोंडे जगभर आढळतात आणि पुष्कळ देशांच्या क्वारंटाइन यादीत नसतात, तरीही मालात जिवंत किडा दिसला म्हणून खेप रोखली जाते. म्हणूनच ‘आमची कीड यादीत नाही’ हा बचाव बंदरावर टिकत नाही.

धुरी द्यायची असेल तर तिचे वेळापत्रक आधी आखावे, शेवटच्या दोन दिवसांत उरकू नये. फॉस्फिन वायूच्या धुरीला अनेक दिवस लागतात, कारण अंडी आणि कोष हे टप्पे या वायूला जास्त दाद देत नाहीत. तापमान जितके कमी तितकी मुदत वाढते आणि १५ अंश सेल्सिअसच्या खाली परिणाम फार मंदावतो. हा वायू तांब्याला खातो, त्यामुळे विद्युत पॅनेल आणि मापनयंत्रे झाकणे किंवा बाजूला काढणे आवश्यक असते. मिथाइल ब्रोमाइडची धुरी सामान्यतः एका दिवसात पुरी होते, पण पिठासारखा बारीक माल तो वायू मोठ्या प्रमाणात शोषून घेतो आणि अवशेषांचा प्रश्न उभा राहतो. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारात या वायूच्या क्वारंटाइन आणि निर्यातपूर्व वापराला सूट असली तरी युरोपीय संघाने २०१० पासून त्याचा वापर बंद केलेला आहे. पद्धत ठरवताना आयात करणारा देश कोणती धुरी मान्य करतो आणि त्याची अवशेष मर्यादा किती, हे दोन्ही पाहावे. आणखी एक गोष्ट हमखास निसटते : जाड प्लास्टिकच्या आवरणात बंद झालेल्या मालात वायू शिरत नाही. लॅमिनेट केलेल्या पिशव्यांना ताडपत्री घालून दिलेली धुरी कागदावर पूर्ण दिसते, मालात मात्र पोहोचलेली नसते. त्यासाठी धुरी आवरण घालण्याआधीच द्यावी, अथवा वायू जाऊ शकेल असे आवरण निवडावे. धुरी झाल्यावर वायूची पातळी मोजून नोंदवावी, आणि कंटेनर धुरी देऊन पाठवायचा असल्यास दरवाजावर इशाऱ्याची ठरलेली खूण लावावी, नाहीतर तिकडे दार उघडणाऱ्या कामगाराच्या जिवाशी खेळ होतो.

पॅलेट आणि लाकडी आधार यांचा नियम मालाच्या नियमापेक्षा स्वतंत्र आहे, म्हणून माल पहिल्या वर्गात असला तरी तो लागू होतो. १५ क्रमांकाच्या मानकानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले असावे किंवा मान्य धुरीने उपचारित असावे, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा दोन अक्षरी संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि उपचाराचा संकेत असावा. हाताने लिहिलेले चिन्ह चालत नाही. प्लायवूडला आणि सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला यातून सूट आहे. पॅलेटची फळी तुटल्यावर घरचाच साधा तुकडा ठोकला जाण्याचा मोह टाळावा.

कंटेनर रिकामा असताना आत उभे राहून टॉर्चने पाहावा. प्लायवूडच्या तळाचे सांधे, कोपरे, दरवाजाच्या रबरी पट्टीमागची जागा आणि छताजवळचे हवेचे छिद्र यांत आधीच्या मालाचे दाणे अडकून राहतात, आणि खापऱ्याच्या अळ्या तळाखालच्या फटीत लपतात. झाडून झालेला कंटेनर पुन्हा पाहावा, कारण झाडूने दाणे फटीत ढकलले जातात. त्यापेक्षा व्हॅक्यूमचा वापर चांगला. मालातली ओल आणि समुद्रावरचे तापमान बदल यांमुळे छतावर थेंब धरतात, म्हणून भरताना ओल मोजून घ्यावी. गव्हाच्या पिठातल्या ओलीसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) कमाल मर्यादा १५.५ टक्के आहे, पण लांबच्या समुद्रप्रवासासाठी मी तिच्या बऱ्याच खालीच राहीन.

प्रमाणपत्राचा अर्ज कंटेनर भरण्याच्या आधी पुरेसे दिवस ठेवून करावा, म्हणजे तपासणी आणि नमुने घेणे वेळेत होईल. माल निघून गेल्यावर प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता फार मर्यादित असते आणि तीही तपासणी आधी झालेली असेल तरच. अर्जात धान्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव लिहावे, जसे गव्हासाठी ट्रिटिकम एस्टिव्हम, तांदळासाठी ओरायझा सॅटिव्हा, मक्यासाठी झिया मेज. मिश्र पिठात प्रत्येक धान्याचे नाव यावे. पोत्यांची संख्या, खुणा, वजन, मूळ ठिकाण, प्रवेशाचे बंदर आणि दिलेला उपचार हे सगळे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) यांच्याशी तंतोतंत जुळावे. प्रमाणपत्रावर खाडाखोड झाल्यास, मुदत संपल्यास किंवा मजकूर परस्परविरोधी असल्यास ते अवैध धरले जाते. हाती पडताच त्याच ठिकाणी उभे राहून प्रत्येक रकाना वाचावा आणि चूक असल्यास दुरुस्त प्रमाणपत्रच मागावे. माल तिसऱ्या देशातून फिरून जाणार असेल, तर पुनर्निर्यात प्रमाणपत्राची गरज तिथल्या कार्यालयाकडून विचारून ठेवावी. इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र दोन्ही देश वापरत असतील तर ते घ्यावे, कारण त्यात बनावट कागद आणि कुरिअरच्या विलंबाचा त्रास कमी होतो.

शेवटचे काम सील लावण्याचे. सील क्रमांक, दरवाजा बंद करण्याची वेळ आणि भरणीचे फोटो त्याच दिवशी नोंदवावेत, आणि प्रत्येक लॉटचा बंद नमुना प्रक्रियेच्या नोंदीसह माल पोहोचून मोकळा होईपर्यंत जपून ठेवावा. तिकडून आक्षेप आला तर कीड इथली की वाटेतली हे ठरवण्यासाठी हीच सामग्री उपयोगी पडते.