साइनपासून स्क्वेअर: डीडीएस चिप पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टमध्ये मदत करतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: "सर, चिपमधून साइन येऊन राहिली, मला स्क्वेअर पाहिजे. कम्पॅरेटर कोणता घेऊ?" बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन एलएम३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करून आउटपुट वर किंवा खाली नेणारी कम्पॅरेटर चिप) आणायच्या आधी मी त्यांना उलट विचारतो, की फ्रिक्वेन्सी किती, आणि एज, म्हणजे स्क्वेअरची चढती-उतरती कड, किती नेमकी हवी? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

बहुतेकांकडे एडी९८३३ या डीडीएस चिपचं (क्लॉकवरून डिजिटल पद्धतीने हव्या त्या फ्रिक्वेन्सीची लहर तयार करणारी चिप) मॉड्यूल असतं, २५ मेगाहर्ट्झ क्लॉकवालं. या चिपला स्क्वेअर मुळातच देता येते. कंट्रोल रजिस्टरमध्ये ओपीबीआयटीईएन आणि डीआयव्ही२ हे दोन्ही बिट १ केले की पिनवर थेट सप्लायइतक्या उंचीची स्क्वेअर मिळते. डीआयव्ही२ शून्य ठेवला तर फ्रिक्वेन्सी निम्मी येते, आणि मुलं उगाच फ्रिक्वेन्सीचा हिशेब पुन्हा पुन्हा तपासत बसतात. काही किलोहर्ट्झपर्यंतचं साधं काम असेल तर इथेच थांबा, बाहेर काही जोडू नका.

मग कम्पॅरेटर लागतो कुठे? या अंतर्गत स्क्वेअरची एज क्लॉकच्या ठोक्यावरच पडते, म्हणजे ४० नॅनोसेकंदांच्या पायऱ्यांवर. १ किलोहर्ट्झला ते जाणवतही नाही. पण ३ मेगाहर्ट्झला एका सायकलमध्ये ८.३३ ठोके बसतात, म्हणून काही सायकली ८ ठोक्यांच्या आणि काही ९ च्या होतात. स्कोपवर एज थरथरताना स्पष्ट दिसते. अशा वेळी साइन घ्यायची, लो-पास फिल्टरमधून (फक्त कमी फ्रिक्वेन्सी पुढे जाऊ देणारा) काढायची आणि मग वेगवान कम्पॅरेटरला द्यायची. फिल्टर साइनमधल्या पायऱ्या पुसून टाकतो, त्यामुळे एज क्लॉकच्या ठोक्याला बांधलेली राहत नाही. एलएम३९३ इथे चालणार नाही, त्याला प्रतिसाद द्यायलाच मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. टीएलव्ही३५०१ सारखा काही नॅनोसेकंदांचा घ्या. एडी९८५० या दुसऱ्या डीडीएस चिपमध्ये तर कम्पॅरेटर आतच असतो.

साइन ७४एचसी१४ ला (चढताना एका आणि उतरताना त्याहून खालच्या व्होल्टेजला, म्हणजे थ्रेशोल्डला, बदलणारं उलटं गेट) थेट जोडायचा मोह आवरा. एडी९८३३ ची साइन जेमतेम ०.६ व्होल्ट पीक-टू-पीक असते, आणि ५ व्होल्टवर त्या गेटच्या दोन थ्रेशोल्डमधलं अंतरच साधारण ०.९ व्होल्ट असतं. गेट हलणारच नाही.

कम्पॅरेटरचा थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा, हा माझ्या मते या सर्किटचा खरा गाभा आहे. साइन शून्याभोवती फिरत नाही. ती साधारण ३८ ते ६५० मिलिव्होल्टमध्ये असते, म्हणजे मध्य ३४४ च्या जवळपास. प्रीसेटने (फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) थ्रेशोल्ड त्या मध्यावर जुळवता येतो, पण नागपूरचा मे महिना आणि एसी नसलेली लॅब, यात तो जुळवलेलाच राहील याची खात्री नाही, आणि मध्य सरकला की ड्युटी सायकल (सायकलमधला आउटपुट वर असण्याचा वाटा) ५० टक्क्यांवरून हलते. मला आवडणारा उपाय वेगळा आहे. तीच साइन १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडमधून काढून तिची सरासरी दुसऱ्या इनपुटला द्या. थ्रेशोल्ड आपोआप सिग्नलच्या मागे जातो.

कमी फ्रिक्वेन्सीलाही बाहेरचा कम्पॅरेटर वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. १० हर्ट्झची साइन मध्य ओलांडताना मायक्रोसेकंदाला फक्त १९ मायक्रोव्होल्ट सरकते. ब्रेडबोर्डवर ५ मिलिव्होल्ट नॉइज असला तरी तो पट्टा पार करायला शेकडो मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात आउटपुट अनेकदा वरखाली होतं. काउंटर मग भलताच आकडा दाखवतो. सिग्नल १० किलोओहममधून पॉझिटिव्ह इनपुटला द्या आणि आउटपुटवरून तिथेच १ मेगाओहम परत आणा. ५ व्होल्टच्या आउटपुटला साधारण ५० मिलिव्होल्ट हिस्टेरेसिस, म्हणजे चढत्या आणि उतरत्या थ्रेशोल्डमधलं अंतर, मिळतो, आणि या कामाला तेवढा पुरतो.

एलएम३९३ ओपन कलेक्टर आहे, म्हणजे आउटपुट फक्त खाली ओढतो, म्हणून सप्लायकडे ओढणारा पुल-अप रेझिस्टर लावावाच लागतो. ४.७ किलोओहम लावून मीटरभर केबल जोडली तर उतरती एज कडक दिसते आणि चढती गोलसर. केबलच्या आधी, कम्पॅरेटरला चिकटून ७४एचसी१४ चे दोन गेट लागोपाठ लावा: सिग्नल उलटा होत नाही आणि दोन्ही एज सारख्या होतात.