ओपन इलेक्टिव्हला सायकॉलॉजी घेतलीय? मग हे असं वाचा

मी मेकॅनिकलचा. सेकंड इयरला ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय, म्हणून सायकॉलॉजी घेतली तेव्हा हिशोब साधा होता, इथे डेरिव्हेशन नाही, न्यूमेरिकल नाही, माणसांबद्दलच लिहायचंय ना, आदल्या रात्री वाचून होईल. पहिल्या टेस्टला २० पैकी ७ पडले. एक प्रश्न होता "ऋण प्रबलन उदाहरणासह स्पष्ट करा" (इंग्रजीत निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट) आणि मी मस्त दोन पानं भरून आलेलो, मुलाने अभ्यास केला नाही म्हणून बाबांनी मोबाईल काढून घेतला वगैरे वगैरे. त्याला भोपळा. का भोपळा ते खाली सांगतो, पण आधी हे की कॉमर्स, सायन्स, इंजिनिअरिंगवाल्या आपल्यासारख्यांची गोची विषय अवघड असल्यामुळे होत नाही, उलट पान वाचलं की "हे तर मला माहीतच होतं" असं वाटतं आणि तिथेच वाट लागते.

तर सगळ्यात आधी एक सवय लावा. कुठलाही प्रयोग वाचताना निष्कर्षाच्या आधी पुस्तक बंद करायचं आणि आपला अंदाज पेन्सिलने मार्जिनमध्ये लिहायचा. उदाहरण घ्या, आठ जणांनी मिळून दोरी ओढली तर प्रत्येकाचा जोर वाढेल का कमी होईल? "गाव करी ते राव न करी" म्हणणारा म्हणेल वाढेल, ज्याने ग्रुप प्रोजेक्ट केलाय तो म्हणेल कमी होईल, आणि उत्तर काहीही आलं तरी दोघंही नंतर म्हणणार की बघ, मी म्हणलोच होतो. याला हाइंडसाइट बायस म्हणतात आणि तो तुमच्यातही आहे हे त्या पेन्सिलच्या अंदाजांवरून आठवड्याभरात कळतं. (दोरीचं खरं उत्तर: मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच कृषी इंजिनिअरने हे मोजलं, १९१३ मध्ये छापलं, आठ जणांत प्रत्येकाचा जोर एकट्याच्या साधारण निम्म्यावर आलेला. इंजिनिअर होता हं, आपलाच माणूस.) आता यात पुढचा प्रश्न असा की लोक ढिले पडले का नुसता एकमेकांचा मेळ जमला नाही? १९७९ मध्ये बिब लाताने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना डोळ्यांवर पट्टी आणि कानाला हेडफोन लावून ओरडायला लावलं, काही वेळा माणूस प्रत्यक्षात एकटाच ओरडत होता पण त्याला सांगितलेलं की सोबत बाकीचे पण आहेत. तरी आवाज कमी आला. म्हणजे सगळा दोष मेळ न जमण्याचा नाही, माणूस खरंच अंग चोरतो. हे असं एकेक कारण बाजूला काढत जाणं म्हणजेच हा विषय आहे, बाकी सगळी नावं आणि सनावळ्या.

दुसरी गोष्ट, प्रत्येक अभ्यासाला चार प्रश्न विचारा: कोणावर केला, काय बदललं, काय मोजलं (ही दोन म्हणजे व्हेरिएबल), आणि तुलना कशाशी केली (हा कंट्रोल). हे पाठ करण्यापेक्षा एक प्रयोग हॉस्टेलच्या रूमवर स्वतः करून बघा, अर्धा तास लागतो. चार रंगांची स्केचपेनं घ्या. एका कागदावर "लाल, निळा, हिरवा, काळा" असे शब्द उलटसुलट करून वीस वेळा लिहा, पण प्रत्येक शब्द चुकीच्या रंगात, म्हणजे "लाल" हिरव्याने, "काळा" लालने. दुसऱ्या कागदावर त्याच रंगांचे नुसते वीस चौकोन भरा. मित्राला सांगा की शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा, आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. चौकोनांना तो भराभर उडवतो, शब्दांवर आला की "ला... अं... हिरवा" करत अडखळतो, हसतो, स्वतःवरच वैतागतो. स्ट्रूप नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये हेच शंभर शब्द आणि शंभर चौकोन घेऊन केलं, चौकोनांना सरासरी ६३ सेकंद लागले आणि शब्दांना ११०. कारण वाचणं इतकं अंगवळणी पडलंय की नको म्हटलं तरी होतंच.

आता थांबू नका, खरी मजा इथून पुढे. सगळ्यांना आधी चौकोन आणि मग शब्द दिले तर? शब्दांपर्यंत येईस्तोवर रंग सांगायची प्रॅक्टिस झालेली असते किंवा कंटाळा आलेला असतो, म्हणून अर्ध्यांना उलट्या क्रमाने द्या, हेच काउंटरबॅलन्सिंग. आणि फ्लोअरवर देवनागरी अजिबात न वाचता येणारा कोणी असेल तर त्याला पकडा, त्याच्यासाठी ते शब्द नुसती नक्षी आहे, तो तुमच्याइतका अडखळायला नको. अडखळला तर आपलं कारण चुकतंय. एवढं केलंत की व्हेरिएबल, कंट्रोल, काउंटरबॅलन्सिंग हा अख्खा चॅप्टर झाला, परत वाचायची गरज नाही.

आता माझा भोपळा. मराठी पुस्तकातले शब्द जड असतात म्हणून वहीच्या मागे दोन रकाने करा, अभिसंधान म्हणजे कंडिशनिंग (एका गोष्टीची दुसरीशी सांगड बसून वागणं शिकणं), प्रबलन म्हणजे रिइन्फोर्समेंट, असं. पण शब्दाच्या वासावरून अर्थ लावू नका. ऋण म्हणजे इथे वाईट नाही, कर्ज तर नाहीच, गणितातली ऋण संख्या आठवा, वजा. दोनच प्रश्न विचारायचे: वागणं वाढलं का कमी झालं? आणि त्यासाठी काही दिलं का काढून घेतलं? वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा. दिलं तर धन, काढलं तर ऋण. बस. गाडीत सीटबेल्ट लावेपर्यंत टिंगटिंग चालू, लावला की बंद, त्रास गेला आणि बेल्ट लावायची सवय वाढली, हे ऋण प्रबलन. माझ्या उत्तरातला मोबाईल काढून घेतला होता हे खरं, पण टाइमपास कमी व्हावा म्हणून, म्हणजे ती ऋण शिक्षा.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण किराणा दुकानातलं. पोरगं चॉकलेटसाठी भोकाड पसरतं, चार लोक बघतात, आई शेवटी बरणीतलं एक काढून हातात देते. रडणं बंद. पोराला रडल्यावर चॉकलेट मिळालं, पुढच्या वेळी अजून जोरात रडणार, धन प्रबलन. पण आईचं काय झालं? चॉकलेट दिलं आणि कानाशी चाललेला भोंगा थांबला, म्हणजे तिचं चॉकलेट देणं वाढणार, ऋण प्रबलन. एकाच मिनिटात दोघं एकमेकांना शिकवतायत. हे उदाहरण पेपरात लिहा, मला एंडसेमला याचे पूर्ण मार्क मिळालेत.

रिव्हिजन कशी करायची हे या विषयाने स्वतःच शोधून ठेवलंय आणि तरी आपण हायलायटर घेऊन बसतो. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग, २००६: एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला, दुसऱ्याने एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० वर आणि लिहिणारे ६१ वर. म्हणजे रात्री वाचून "येतंय येतंय" वाटतं ते त्या पाच मिनिटांचं येणं असतं. एक टॉपिक वाचा, वही बंद करा, कोऱ्या कागदावर लिहा, अडलं तिथेच उघडून बघा, दोन दिवसांनी परत.

इतिहासाच्या चॅप्टरवर जास्त वेळ घालवू नका, विल्हेल्म वुंट, जर्मनीतलं लायप्झिग, १८७९, सायकॉलॉजीची पहिली प्रयोगशाळा, एवढं आणि मुख्य विचारप्रवाह पुरे. एक लक्षात असू द्या, रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल कुत्र्यांच्या कंडिशनिंगसाठी नव्हतं, पचनक्रियेवरच्या कामासाठी होतं, एमसीक्यूत इथे बरेच जण गळतात.

आणि फेमस प्रयोग जरा जपून. १९७१ चा स्टॅनफर्ड विद्यापीठातला खोटा तुरुंग, ज्यात पोरांनाच कैदी आणि पहारेकरी केलेलं, रील्समध्ये असा सांगतात की वर्दी चढवली आणि पोरं आपोआप क्रूर झाली, पण पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या हे नंतर बाहेर आलंय. २०१५ मध्ये सायकॉलॉजीचे शंभर जुने अभ्यास परत करून बघितले तर मूळच्यांपैकी ९७ टक्के सिग्निफिकंट (म्हणजे आकडेवारीने निव्वळ योगायोग न वाटणारे) होते, परत केल्यावर ३६ टक्केच. उत्तरात मूळ प्रयोग लिहून खाली टीकेच्या दोन ओळी टाकल्या तर तपासणाऱ्याला कळतं की पोराने वाचलंय.

अॅबनॉर्मलचा, म्हणजे मानसिक आजारांचा चॅप्टर आला की रूममेट बायपोलर, एक्स नार्सिसिस्ट आणि स्वतःला ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्याच कृती परत परत होण्याचा आजार) असं सगळ्यांना दोन दिवस वाटतं, मलाही वाटलेलं. कपाट नीट लावणं म्हणजे ओसीडी नाही. निदानात लक्षणं किती काळ आहेत आणि त्यांनी रोजचं जगणं किती अडतंय हे बघतात, आणि ते बघायला शिकलेला माणूस लागतो. पण खरंच अडत असेल, झोप उडालीय, लेक्चरला जावत नाहीये, तर पुस्तकात शोधत बसू नका, कॉलेजच्या काउन्सेलरकडे जा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.