घरी केलेला लॅपटॉप स्टँड मोडतो कुठे? या चुका टाळा

माझा पहिला स्टँड तीन दिवस टिकला. कोल्हापूरच्या टिंबर मार्केटातून 18 मिमी पाइनची फळी आणली, दोन तिरक्या बाजू कापल्या आणि लॅपटॉप अडावा म्हणून प्रत्येकीच्या पुढच्या टोकाला बोटभर आकडा ठेवला. चार्जर खुपसताना कट्‌कन आवाज झाला. डावा आकडा टेबलावर, लॅपटॉप मांडीवर. शेजारच्या मिस्त्रींनी तुकडा उजेडात धरला. "रेघा बघितल्यास काय? आकडा आडव्या रेघंवर काढलायस. बिस्किटागत मोडणारच की."

फळीच्या रेघा लांबीला धावतात. त्यांना काटकोनात निघालेल्या आकड्यात सलग धागा उरतोच कुठे? फेविकॉलनं तो पुन्हा चिकटतो, पण मूळ दोष तसाच राहतो. आकडा कापूनच टाका आणि पुढून दोन्ही बाजूंना जोडणारी वेगळी पट्टी स्क्रूनं बसवा, रेघा पट्टीच्या लांबीला ठेवून. प्लायमध्ये थर एकाआड एक आडवे-उभे असतात, म्हणून तिथं हा धोका कमी. स्क्रू 4 मिमीचा असेल तर आधी 2.5 मिमीचं भोक पाडा, नाहीतर पट्टी टोकाला चिरते.

खाचेत खाच अडकवायची असेल तर टेपच्या मापावर विसंबू नका. 12 मिमी म्हणून आणलेला प्लाय बऱ्याचदा थोडा कमी भरतो. जो तुकडा बसणार तोच खाचेच्या जागी उभा धरून पेन्सिल फिरवा, आणि करवत रेघेच्या आतून चालवा. खाच घट्ट झाली तर हातोडी नको, प्लायचे थर सुटतात. पॉलिश पेपर मारा. सैल झाली तर विनियरची, म्हणजे लाकडाच्या पापुद्र्याची, पातळ पट्टी गोंद लावून सारा.

स्टँड डगडगतो म्हणून एकेक पाय कापत बसलात तर माकडानं केलेली लोण्याची वाटणी होते. आधी स्टँड टेबलावर पाव फेरा, म्हणजे काटकोनात, फिरवून बघा. उचललेला कोपरा स्टँडबरोबर फिरला तर दोष स्टँडचा, जागेवरच राहिला तर टेबलाचा. दोष स्टँडचा निघाला तर सपाट काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर तळ घासा.

मधे अखंड फळी टाकू नका. बऱ्याच लॅपटॉपची हवा खालून आत जाते.

शिरोली एमआयडीसीकडची खोक्यांची फळी स्वस्त पडते. तिच्यावर 'एचटी'चा शिक्का असेल तर ती उष्णतेनं प्रक्रिया केलेली. 'एमबी' असेल तर औषधाची धुरी दिलेली, ती घरात आणू नका. आणि रंधा लावण्याआधी मोडके खिळे शोधा. माझ्या रंध्याच्या पात्याला अजून खाच आहे.

लाखेचं पॉलिश मात्र आपल्याकडच्या जुलैत करायला घेऊ नका. दमट हवेत ते दुधासारखं पांढरं पडतं. पडलंच, तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा हलक्या हातानं फिरवा; बहुतेक वेळा चकाकी परत येते.