14 ते 18 वयाच्या मुलाला कामावर ठेवताना: मालकाने काय काय करावे

दहावीची परीक्षा संपली की दुकानदारांकडे एक विचारणा हमखास येते: "पोरगा घरी रिकामाच आहे, सुट्टीपुरतं काही काम असेल तर बघा." मालक वय विचारतो, 14 पूर्ण झाल्याचं कळलं की "उद्यापासून ये" म्हणतो. घोळ इथेच होतो. 14 वर्षं पूर्ण झाली म्हणजे सरसकट बंदी उठली, एवढंच. पुढे 18 पर्यंत कायद्यानं कामाचे तास, सुट्टी, नोंदी सगळं बांधून दिलेलं आहे. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व विनियमन) अधिनियम मूळचा 1986 चा असला, तरी 'किशोरवयीन' (14 पूर्ण, पण 18 च्या आतला) हा वर्ग त्यात 2016 च्या दुरुस्तीनं आला. बऱ्याच मालकांच्या डोक्यात अजून जुनाच कायदा आहे.

आधी वय, तेही कागदावर

शाळेचा दाखला, जन्मदाखला, आधार कार्ड यांपैकी जे असेल ते पाहा आणि झेरॉक्स ठेवून घ्या. अंगापिंडावरून किंवा आईवडिलांच्या तोंडी सांगण्यावरून वय धरू नका. सरकारी कामगार निरीक्षकाला वयाबद्दल शंका आली आणि दाखला नसेल, तर प्रकरण सरकारी डॉक्टरांच्या तपासणीपर्यंत जातं. मूल 14 च्या आतलं निघालं तर विषय तिथेच संपवा. हॉटेलात कपबश्या विसळायला नको, घरी बाळ सांभाळायलाही नको. "गरीब आहे, तेवढीच मदत" हे कारण कायद्यात कुठेही बसत नाही.

मग काम कोणतं ते तपासा

खाणी, ज्वलनशील पदार्थ व स्फोटकं आणि कारखान्यांतल्या धोकादायक प्रक्रिया या तिन्ही ठिकाणी 18 पूर्ण होईपर्यंत बंदी आहे. तपशील कायद्याच्या अनुसूचीत आहेत आणि ती यादी लांबलचक आहे. तुमचं काम रसायनं, भट्टी किंवा यंत्रांशी संबंधित असेल तर ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. फटाक्यांची विक्रीसुद्धा तिच्यात येते, त्यामुळे दिवाळीच्या स्टॉलवर 16 वर्षांचा पोरगा उभा करणं म्हणजे थेट गुन्हा.

तास आखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नियम असे: सलग 3 तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान 1 तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे एकूण तास 6 च्या वर जाता कामा नयेत. म्हणजे प्रत्यक्ष काम 5 तास. सकाळी 9 ला आला तर 12 पर्यंत काम, 1 पर्यंत सुट्टी, 3 ला घरी.

या 6 तासांत कामाची वाट पाहत बसलेला वेळही मोजला जातो. मालाची गाडी यायची आहे म्हणून दीड तास नुसतं थांबवून ठेवलंत, तर तो दीड तास गेला. "बसूनच तर होता" हे म्हणणं चालत नाही.

संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात काम देता येत नाही. ओव्हरटाइम तर नाहीच, जादा पैसे दिले तरी नाही. त्याच दिवशी तो दुसरीकडे काम करून आला असेल तरीही त्याला ठेवता येत नाही, म्हणून हे त्याला स्पष्ट विचारा. माझं मत विचाराल तर ज्यांच्या धंद्याची गर्दी सातनंतरच सुरू होते, त्यांनी या भानगडीत न पडता 18 पूर्ण झालेला माणूस शोधावा.

आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्या. तो वार लिहून सर्वांना दिसेल असा लावा आणि एकदा ठरला की तीन महिन्यांत एकदापेक्षा जास्त बदलू नका.

कागदपत्रं

मुलाला कामावर ठेवल्यापासून 30 दिवसांत त्या भागाच्या निरीक्षकाला लेखी कळवायचं असतं: आस्थापनेचं नाव व ठिकाण, प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कामाचं स्वरूप. त्यानंतर एक नोंदवही ठेवा. तिच्यात नाव, जन्मतारीख, कामाचे व विश्रांतीचे तास, कामाचा प्रकार. ती रोज भरा. तपासणीच्या आदल्या रात्री भरलेली वही लगेच ओळखू येते. बंदी आणि शिक्षा यांच्या तरतुदींचा गोषवारा स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत भिंतीवर लावावा लागतो.

"पण मुलगा घरचाच आहे"

14 च्या आतलं मूल शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायात हातभार लावू शकतं, पण काम धोकादायक नसावं आणि शाळा बुडू नये. 2017 च्या नियमांनी इथेही दिवसाला 3 तासांची मर्यादा घातली आहे. 'घरचे' म्हणजे कोण तेही ठरलेलं आहे: आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. आजीआजोबा या यादीत नाहीत, हे मला अजूनही चमत्कारिक वाटतं. शेजाऱ्याचा मुलगा "घरच्यासारखा" असला तरी घरचा नव्हे.

मालिका-जाहिरातींतल्या बालकलाकारांचे नियम वेगळे आहेत: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला 5 तासांची मर्यादा आणि किमान 20 टक्के कमाई मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत.

चुकलं तर

14 च्या आतल्या मुलाला कामावर ठेवलं किंवा किशोरवयीन मुलाला धोकादायक काम दिलं, तर 6 महिने ते 2 वर्षं कैद, किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 1 ते 3 वर्षं कैद. तास, सुट्टी किंवा नोंदवहीत गफलत केली तर महिन्यापर्यंत कैद, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातले कामावर ठेवण्याचे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आणि तक्रार निरीक्षकानंच करायला हवी असंही नाही. दुकानात आलेलं कुणीही गिऱ्हाईक 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करू शकतं.