स्क्रीनशॉटमधली नको ती माहिती कशी झाकावी?

एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची वापरपुस्तिका मी लिहीत होते. ‘नवीन ठेव नोंदवणे’ या प्रकरणातल्या स्क्रीनशॉटवर खातेदाराचं नाव, पत्ता, आधार क्रमांक सगळं झाकलं होतं. पानं लावणाऱ्या मुलाचा फोन आला, “मॅडम, वर सर्चच्या खाली तीन नावं आणि मोबाईल नंबर दिसतायत. असेच ठेवायचे का?” खातं शोधताना उघडलेली यादी मी बंदच केली नव्हती. माझं लक्ष फक्त अर्जातल्या रकान्यांवर होतं. ती माणसं खरी होती आणि पुस्तिका सगळ्या शाखांमध्ये जाणार होती.

तेव्हापासून मी उलट्या क्रमाने काम करते. झाकायची वेळच येऊ नये अशी स्क्रीन आधी तयार करायची. माहिती झाकणारी पट्टी अगदी शेवटी.

१. नमुना माहिती भरा. सॉफ्टवेअरची चाचणी प्रत मिळत असेल तर तीच वापरा. खातेदाराचं नाव सरळ ‘नमुना खातेदार’ ठेवा. खरा आधार क्रमांक ० किंवा १ने सुरू होत नाही, म्हणून नमुन्याचा क्रमांक ० किंवा १नेच सुरू करा. सॉफ्टवेअर तो स्वीकारत नसेल तर पुढची पायरी आहेच. ईमेलसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव १९९९पासून उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे कुणाच्या खऱ्या पत्त्यावर मेल जाण्याची भीती नाही. नमुना भरल्याने वाचकाचाही फायदा होतो. दहा काळ्या पट्ट्यांचं चित्र बघून कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे नव्या कारकुनाला कसं कळणार?

२. चालू प्रणालीवरच काम करावं लागलं तर ब्राउझरमध्ये नावावर राइट क्लिक करा, ‘इन्स्पेक्ट’ निवडा, उघडलेल्या चौकटीत त्या नावावर डबल क्लिक करून नमुना नाव लिहा आणि एंटर दाबा. बदल फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसतो. पान रिफ्रेश केलं की मूळ माहिती परत येते. अक्षरांचा आकार, रंग जसाच्या तसा राहतो.

३. कडा आवरा. नोटिफिकेशन बंद करा, उघड्या याद्या मिटवा, बुकमार्कची पट्टी लपवा. ॲड्रेस बारमध्ये कधी कधी खाते क्रमांक असतो, तोही बघा. विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबून हवा तेवढाच भाग घ्या. पूर्ण स्क्रीन लागतेच कशाला?

४. तरीही काही उरलं तर ठोस, अपारदर्शक रंगाने झाका. अस्पष्ट करणं किंवा चौकोनी ठिपके पाडणं यावर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. खाते क्रमांकात आकडे दहाच प्रकारचे. त्याच फॉन्टमध्ये एकेक आकडा लिहून, तसेच ठिपके पाडून जुळवत गेलं की मूळ आकडा सापडू शकतो. बिशप फॉक्स या कंपनीच्या संशोधकाने २०२२मध्ये ‘अनरिडॅक्टर’ नावाचं साधन काढून हेच दाखवलं. फोनमधल्या हायलायटरने तर झाकूच नका. तो अर्धपारदर्शक असतो. चार वेळा फिरवून काळा दिसला तरी चित्राचा उजेड वाढवला की खालचं अक्षर वर येतं. पट्टीचा रंग फिकट राखाडी ठेवा, म्हणजे वाचकाची नजर तिथे अडकत नाही. सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या ठेवा, नाहीतर नाव किती अक्षरी आहे तेही कळतं.

५. नवी फाईल म्हणून साठवा. वर्डमध्ये चित्र क्रॉप केलं तरी कापलेला भाग फाईलमध्येच राहतो आणि कुणीही तो परत उघडू शकतो. पीडीएफवर नुसता काळा चौकोन काढला तर खालचा मजकूर कॉपी होतो. म्हणून कापणं आणि झाकणं पेंटसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये उरका, पीएनजी म्हणून नव्या नावाने साठवा आणि मग ते चित्र वर्डमध्ये घाला. नवं नाव यासाठी की, २०२३मध्ये गूगल पिक्सेल फोनमधल्या आणि विंडोज ११मधल्या स्क्रीनशॉटच्या साधनांत एक दोष सापडला होता: कापलेलं चित्र जुन्याच फाईलवर साठवलं की मूळ चित्राचा काही भाग फाईलच्या शेवटी तसाच उरत होता. पुढे अपडेटने तो दुरुस्त झाला, पण आधी साठवलेली चित्रं आपोआप सुधारली नाहीत. त्या काळातले स्क्रीनशॉट तुमच्या पुस्तिकेत असतील तर ते पुन्हा घ्या.

६. चित्र चारशे टक्के मोठं करून चारही कोपरे बघा, मग मधला भाग. त्यानंतर ज्याने ते बनवलेलं नाही अशा माणसाला दाखवा आणि विचारा, “यात कुणा खऱ्या माणसाचं काही दिसतंय का?”

मूळ, न झाकलेली चित्रं पुस्तिकेच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. काम संपलं की पुसून टाका. नमुना खातेदारांची यादी मात्र जपून ठेवा. सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आली की सगळे स्क्रीनशॉट पुन्हा घ्यावे लागतात, तेव्हा तीच नावं, तेच आकडे हाताशी लागतील.