रिलीफ पिचरची कारकीर्द कशी वाचावी

क्रिकेटवर वाढलेला वाचक बेसबॉलच्या आकडेवारीत रिलीफ पिचरचे पान उघडतो, तेव्हा त्याची नजर सवयीने एखादा मोठा आकडा शोधू लागते आणि ‘सेव्ह’ या रकान्यावर जाऊन थांबते. न्यूयॉर्क यांकीजच्या मारियानो रिव्हेराच्या पानावर हा आकडा ६५२ आहे. पण तेवढाच वाचून पान मिटले, तर १९ हंगाम हा माणूस नेमके काय करत होता, याचा पत्ता लागत नाही. माझ्या मते सेव्हचा रकाना सगळ्यात शेवटी वाचावा.

आधी या कामाचे स्वरूप लक्षात घ्यावे. सामना सुरू करणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात. तो थकला किंवा मार खाऊ लागला, की बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत, हात मोकळा करून तयार बसलेल्यांपैकी एकाला बोलावणे येते. हाच रिलीफ पिचर. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला विश्रांती देऊन तासाभराने पुन्हा आणता येते. बेसबॉलमध्ये सामन्यातून बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे कोणाला केव्हा बोलवायचे, हा मॅनेजरचा निर्णय मागे घेण्याजोगा नसतो. कोणत्या घडीला कोणाची आठवण झाली, यावरूनच रिलीफ पिचरची खरी किंमत कळते.

वाचनाला सुरुवात करताना सामने आणि इनिंग हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. रिव्हेराचे सामने १,११५ आणि इनिंग १,२८३.२. इथे दशांशचिन्हाने फसू नये: एका इनिंगमध्ये तीन आउट असतात, म्हणून ‘.२’चा अर्थ दोन तृतीयांश, म्हणजे आणखी दोन आउट. एका सामन्यात सरासरी एका इनिंगपेक्षा थोडे अधिक, असे त्याचे काम होते. आता १९७४चा माइक मार्शल पाहावा. लॉस एंजेलिस डॉजर्ससाठी त्या एकाच हंगामात तो १०६ सामन्यांत उतरला, २०८ हून अधिक इनिंग टाकल्या आणि सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार मिळवणारा पहिला रिलीफ पिचर ठरला. आज एवढा भार कोणी कोणावर टाकणार नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्सलीला जवळजवळ केवळ नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगसाठी राखून ठेवले आणि ‘क्लोझर’ची आजची चौकट पक्की झाली. म्हणून दोन पिचरांची तुलना करण्याआधी त्यांचा काळ पाहावा. काळ न पाहता केलेली तुलना फुकट जाते.

यानंतर ई.आर.ए. पाहावा, पण जपून. बचावातील चुकांमुळे झालेल्या धावा वगळून पिचरच्या खात्यावर उरलेल्या धावांना ९ने गुणायचे आणि टाकलेल्या इनिंगने भागायचे, असे हे गणित आहे. स्टार्टरच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरे बोलते. रिलीफ पिचरच्या बाबतीत मात्र चकवते. समजा, सातव्या इनिंगमध्ये एकही आउट नसताना दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर रनर ठेवून स्टार्टर बाहेर गेला. नव्या पिचरने पहिल्याच बॅटरला सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका) दिले, दोन्ही रनर घरी पोहोचले, म्हणजे दोन धावा झाल्या, आणि मग त्याने पुढचे तिघे बाद केले. त्या दोन्ही धावा स्टार्टरच्या नावावर लागतात आणि ज्याच्या चेंडूवर त्या झाल्या, त्याचा त्या दिवसाचा ई.आर.ए. शून्य राहतो. म्हणून आधीच्या पिचरकडून वारशाने मिळालेल्या रनरपैकी किती घरी पोहोचले, हा आकडा आवर्जून शोधावा. दुसऱ्याने लावलेली आग विझवणे हेच तर त्याचे काम!

आता सेव्हकडे वळावे. शिकागोतील क्रीडा पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी ही कल्पना मांडली आणि १९६९मध्ये तिला अधिकृत नोंदीचा दर्जा मिळाला. आपल्या संघाचा विजयी सामना संपवणाऱ्या, पण स्वतः विजयी पिचर न ठरलेल्या पिचरला सेव्ह मिळतो. त्यासाठी आघाडी तीनपेक्षा जास्त धावांची नसताना येऊन त्याने किमान एक इनिंग टाकलेली असावी. किंवा बरोबरीची धाव करू शकणारा खेळाडू बेसवर, बॅटिंगला अथवा त्याच्या पुढच्या क्रमांकावर असताना तो आलेला असावा. किंवा शेवटच्या किमान तीन इनिंग त्याने नीट सांभाळलेल्या असाव्यात. नवव्या इनिंगमध्ये तीन धावांची आघाडी घेऊन आलेला क्लोझर दोन धावा देऊनही सेव्ह मिळवतो. त्या डावाचा त्याचा ई.आर.ए. १८ असतो, तरीही. आणि आठव्या इनिंगमध्ये एका धावेच्या आघाडीवर, तिन्ही बेस भरलेले असताना आलेला त्याचा सहकारी सामना वाचवून जातो, पण त्याच्या वाट्याला येतो अनधिकृत ‘होल्ड’. हा सरळसरळ अन्याय आहे आणि वाचकाने तो मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावा.

मग कारकिर्दीची सुरुवात पाहावी. बहुतेक रिलीफ पिचर हे स्टार्टर म्हणून न जमलेले पिचर असतात. पनामातील पुएर्तो कैमितो या कोळ्यांच्या गावात वाढलेल्या रिव्हेराने १९९५मध्ये दहा सामने स्टार्टर म्हणून सुरू केले आणि हंगामाअखेर त्याचा ई.आर.ए. ५.५१ होता. पुढच्याच वर्षी त्याला तेव्हाचा क्लोझर जॉन वेटलँडच्या आधीच्या इनिंग दिल्या, तेव्हा तो २.०९वर आला. १९९७मध्ये, क्लोझर झाल्यावर, सहकाऱ्याबरोबर सराव करताना त्याचा चेंडू आपोआप शेवटच्या क्षणी बाजूला सरकू लागला. हाच त्याचा कटर. डावखुऱ्या बॅटरच्या हाताजवळ घुसणाऱ्या या एका चेंडूने पुढे असंख्य बॅट मोडल्या.

अपयशाची नोंद टाळून पुढे जाऊ नये. ४ नोव्हेंबर २००१, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा सातवा सामना, फिनिक्स, समोर ॲरिझोना डायमंडबॅक्स: यांकीज २–१ पुढे. आठव्या इनिंगमध्ये रिव्हेराने तिघांना स्ट्राइक आउट केले. नवव्यात मार्क ग्रेसने सिंगल मारला. पुढच्या बंटवर (बॅट नुसती लावून जवळच पाडलेल्या चेंडूवर) रिव्हेराने दुसऱ्या बेसकडे केलेला थ्रो भरकटला. मग टोनी वोमॅकच्या डबलने, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्याने, बरोबरी झाली आणि शेवटी पुढे सरकलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून लुइस गोन्झालेसचा एक लुळा फटका मागे पडला. सामना संपला, विजेतेपद गेले. असे पान लागले, की त्याच्या पुढची पाने उलटावीत. रिव्हेरा त्यानंतर बारा हंगाम खेळला आणि प्लेऑफमधील त्याचा एकूण ई.आर.ए. ०.७० राहिला.

दुखापतींच्या नोंदीही वाचाव्यात, कारण हा धंदा कोपर आणि गुडघे खातो. न्यूयॉर्क मेट्सचा क्लोझर एडविन डियाझ याने २०२२च्या अखेरीस पाच वर्षांसाठी १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला आणि मार्च २०२३मध्ये विजयाचा जल्लोष करताना गुडघा दुखावून तो पूर्ण हंगाम गमावून बसला. त्याच धंद्याचे दुसरे टोक आपल्या ओळखीचे आहे. उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू रिंकू सिंग एका स्पर्धेतून निवडला गेला, २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाला आणि अमेरिकेच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे दुय्यम स्तरावर, रिलीफ पिचर म्हणून खेळला; मेजर लीगपर्यंत मात्र तो पोहोचला नाही. बहुतेकांच्या कारकिर्दीचे पान असेच असते.

एवढे वाचून झाले, की एखादा चालू सामना पाहावा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे शेवटच्या इनिंग सकाळच्या चहाच्या वेळेला येतात. बुलपेनचे दार उघडले, की पिचर माउंडवर, म्हणजे चेंडू टाकण्याच्या उंचवट्यावर, पोहोचेपर्यंत कागदावर चार गोष्टी टिपाव्यात: कितवी इनिंग, किती आउट, कोणकोणत्या बेसवर रनर आणि किती धावांची आघाडी. तो परत जाईल तेव्हा त्याच ओळीपुढे त्या रनरचे काय झाले ते लिहावे. सेव्ह मिळाला की नाही, ते दुसऱ्या दिवशी पाहिले तरी चालते.